घरात सापडलेल्या जुन्या नोटा-नाण्यांचं काय करायचं?

घर रिकामं करताना, वाटण्या होताना, किंवा घरातलं म्हातारं माणूस गेल्यावर कपाट आवरताना पैसे सापडतात. साडीच्या घडीत, तांदळाच्या डब्यात, पोथीच्या पानांत, देव्हाऱ्यामागच्या फडताळात. सगळे एका काळातले नसतात. राणीछाप रुपयाला बिलगून दोन हजारची गुलाबी नोट असते आणि खाली पाच-दहा पैशांची मूठभर चिल्लर. आमच्या आजीच्या ट्रंकेत असंच सगळं एकत्र निघालं. ते मार्गी लावायला मला बँका, रिझर्व्ह बँकेचं कार्यालय आणि सराफाचं दुकान असं सगळीकडे जावं लागलं. माहिती तुकड्यातुकड्यांत मिळते आणि काउंटरवरचा माणूस फक्त स्वतःपुरतं सांगतो. म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे.

१. आधी हात आवरा

पैसे सापडले की लोक लगेच ते साफ करायला घेतात. कृपा करून तसं करू नका. चिंच-मीठ, लिंबू, पितांबरी, टूथपेस्ट यांतलं काहीही नाण्याला लावू नका. चांदीच्या किंवा तांब्याच्या जुन्या नाण्यावर जो काळसर थर असतो, तो पाहूनच संग्राहक नाणं ओळखतो आणि भाव ठरवतो. घासलेलं नाणं त्याच्या दृष्टीने खराब झालेलं नाणं. नोटांना चिकटपट्टी लावू नका, इस्त्री फिरवू नका, धुऊ तर मुळीच नका. ओल लागून चिकटलेली गड्डी ओढून सोडवू नका. वर्तमानपत्रावर ठेवून सावलीत, पंख्याखाली हळूहळू वाळू द्या. मग एकेक नोट कडेकडेने सुटते.

दुसरं म्हणजे सगळ्यांसमोर यादी करा. गेलेल्या माणसाचे पैसे हे वारसांचे पैसे. मोबाइलवर फोटो काढा, एका वहीत आकडे लिहा आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची त्याखाली सही घ्या. पुढे नोटा कुणाच्या खात्यात भरायच्या हा प्रश्न येतोच. तेव्हा ही वही कामाला येते.

जवळ काय काय हवं:

- आधार कार्ड आणि पॅन कार्ड, मूळ आणि झेरॉक्स दोन्ही
- ज्या खात्यात पैसे घ्यायचे त्याच्या पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स
- शाळकरी मुलं वापरतात तो आलेख-कागद, मोजपट्टी, काचेचा सपाट तुकडा
- लोहचुंबक आणि भिंग
- कागदी पाकिटं (नाण्यांसाठी प्लास्टिकच्या पिशव्या नकोत, त्यात ओल धरते)

२. ढीग करा

सरसकट सगळं घेऊन बँकेत गेलात तर सरसकट परत याल. घरीच पाच ढीग करा: आजही चालणाऱ्या नोटा, दोन हजारच्या नोटा, फाटक्या-कुरतडलेल्या नोटा, रद्द झालेल्या नोटा, आणि नाणी. प्रत्येक ढिगाची वाट वेगळी आहे.

ढीग करायला थोडा इतिहास माहीत असावा लागतो. रिझर्व्ह बँक सुरू झाली १९३५ साली. तिची पहिली नोट आली १९३८ च्या जानेवारीत, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्ज राजाचं चित्र असलेली. स्वातंत्र्यानंतर राजाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले. गांधीजींचं चित्र असलेली आजच्या ओळखीची मालिका १९९६ पासूनची, आणि आताच्या रंगीत, आकाराने लहान नोटा २०१६ पासूनच्या. वीसच्या नव्या नोटेवर मागच्या बाजूला आपली वेरूळची लेणी आहेत. यांतल्या बऱ्याच नोटा नाशिकरोडच्या छापखान्यात छापलेल्या आहेत.

एक रुपयाची नोट या सगळ्यांपासून वेगळी आहे. ती भारत सरकारची असते आणि तिच्यावर गव्हर्नरची नव्हे, वित्त सचिवांची सही असते. त्यामुळे ती खोटी समजून बाजूला टाकू नका.

३. जुन्या, पण चालणाऱ्या नोटा

बहुतेक लोक इथेच विनाकारण घाबरतात. एक, दोन, पाच, दहा, वीस, पन्नास आणि शंभर रुपयांच्या स्वातंत्र्यानंतरच्या जुन्या नोटा रद्द झालेल्या नाहीत. सिंहांचं चित्र असलेली शंभरची नोट चालते, गांधीजींच्या चित्राची जुनी निळसर-हिरवी शंभरची नोटही चालते. ती बंद होणार अशी अफवा २०२१ च्या जानेवारीत उठली होती आणि रिझर्व्ह बँकेने ती खोडून काढली होती.

एक बारकावा मात्र आहे. नोट उलटी करा आणि मागच्या बाजूला खाली मधोमध भिंगातून पाहा. तिथे छपाईचं वर्ष असेल तर प्रश्नच नाही. वर्ष नसेल तर ती २००५ पूर्वीची. अशा नोटा रिझर्व्ह बँकेला चलनातून काढून घ्यायच्या आहेत, त्यामुळे त्यांच्या बदल्यात रोख नवी नोट रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयातच मिळते. पण स्वतःच्या खात्यात भरायला बँकेची आडकाठी नाही, हे रिझर्व्ह बँकेने २०१६ च्या डिसेंबरात स्पष्ट केलं आहे. म्हणून काउंटरवर "बदलून द्या" म्हणू नका, स्लिप भरा आणि "खात्यात भरायच्या आहेत" म्हणा. रक्कम मोठी असेल तर पॅन लागू शकतं.

भरण्याआधी एकदा नोटांचे क्रमांक आणि सह्या पाहून घ्या. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त निघालेल्या नोटांवर बसलेल्या गांधीजींचं चित्र आहे. त्या चांगल्या अवस्थेत असतील तर बँकेत भरण्याऐवजी जपून ठेवा.

४. दोन हजारच्या नोटा

१९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने या नोटा चलनातून काढून घेण्याचं जाहीर केलं. बँकांमध्ये बदलण्याची मुदत त्याच वर्षी ७ ऑक्टोबरला संपली. पण नोट रद्द झालेली नाही, ती आजही वैध चलन आहे. "आता कागद झाला" असं सांगून कुणी निम्म्या किमतीत मागितली तर देऊ नका.

आता ही नोट फक्त रिझर्व्ह बँकेच्या १९ निर्गम कार्यालयांत (नोटा देण्या-घेण्याचं काम पाहणाऱ्या कार्यालयांत) घेतात. महाराष्ट्रात ती मुंबई, बेलापूर आणि नागपूर अशी तीन ठिकाणी आहेत. दोन पर्याय असतात: एका वेळी २०,००० रुपयांपर्यंत बदलून घ्या, किंवा स्वतःच्या बँक खात्यात जमा करवा. माझा सल्ला दुसऱ्या पर्यायाचा, कारण कागदोपत्री नोंद राहते.

इतक्या लांब जाणं जमत नसेल तर पोस्टाने पाठवता येतात, आणि ही सोय फार कमी लोकांना ठाऊक आहे. गोव्यात यातलं एकही कार्यालय नाही, त्यामुळे तिथल्या लोकांना तर हाच सोपा मार्ग. अर्जाचा नमुना रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. तो भरायचा, ओळखपत्र आणि पासबुकाची झेरॉक्स जोडायची आणि विमा उतरवलेल्या टपालाने पाठवायचं. साध्या पाकिटात घालून कधीही पाठवू नका. नोटांचे क्रमांक आधी लिहून ठेवा, पावती सांभाळा.

५. फाटक्या, कुरतडलेल्या, कसर लागलेल्या नोटा

या ढिगापाशी सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण इथे लोक सगळ्यात जास्त पैसे सोडून देतात. बाजारात कमिशन घेऊन फाटक्या नोटा बदलून देणारे बसलेले असतात. त्यांच्याकडे जायची गरज नाही. हे काम बँक करते आणि थोड्या नोटांसाठी पैसे घेत नाही.

आधी दोन प्रकार वेगळे करा. नुसती मळलेली, किंवा फाटून दोन तुकडे झालेली पण दोन्ही तुकडे जुळून पूर्ण नोट होते ती 'मळकी' नोट. तिची पूर्ण किंमत मिळते. दिवसाला २० नोटा आणि ५,००० रुपयांपर्यंत काउंटरवर फुकट बदलून देतात. त्याहून जास्त असतील तर बँक पावती देऊन ठेवून घेते, पैसे नंतर खात्यात टाकते आणि शुल्क लावू शकते. म्हणून घाई नसेल तर थोड्या थोड्या न्या.

जिचा तुकडाच गहाळ आहे किंवा जिचे दोनपेक्षा जास्त तुकडे झालेत, ती दुसऱ्या प्रकारात जाते. तिला रिझर्व्ह बँकेचे २००९ चे नोट परतावा नियम लागू होतात, ज्यांत २०१८ साली दुरुस्ती झाली. सगळा हिशेब उरलेल्या सर्वांत मोठ्या अखंड तुकड्याच्या क्षेत्रफळाचा आहे:

- २० रुपयांपर्यंतच्या नोटा: निम्म्याहून जास्त भाग असेल तर पूर्ण किंमत, नाहीतर काहीच नाही.
- ५० आणि त्यावरच्या नोटा: ८० टक्क्यांहून जास्त भाग असेल तर पूर्ण किंमत. ४० ते ८० टक्के असेल तर अर्धी. ४० टक्क्यांच्या खाली शून्य.
- ५० आणि त्यावरच्या एकाच नोटेचे दोन तुकडे असतील आणि प्रत्येक तुकडा किमान ४० टक्के असेल, तर पूर्ण किंमत.

आता आलेख-कागद काढा. आताची पाचशेची नोट १५० मिलिमीटर लांब आणि ६६ मिलिमीटर रुंद असते, म्हणजे क्षेत्रफळ ९९ चौरस सेंटिमीटर. पूर्ण किमतीसाठी साधारण ८० चौरस सेंटिमीटर हवेत, अर्ध्या किमतीसाठी ४०. तुकडा कागदावर सपाट ठेवा, वरून काच ठेवा, बारीक पेन्सिलीने कडा आखा, तुकडा उचला आणि आतले चौकोन मोजा. आमच्याकडे उंदराने एका कोपऱ्यातून कुरतडलेली पाचशेची नोट होती. एक कोपरा पार गेलेला, कडेला करवतीसारखे दात. बघणारा प्रत्येक जण म्हणाला, गेली. चौकोन मोजले तर ८६ भरले. बँकेत पूर्ण पाचशे मिळाले. तिच्याच खालच्या नोटेचे ७१ भरले, तिचे अडीचशे आले. घरून मोजून गेलं की काउंटरवर आपण ठामपणे बोलू शकतो.

शंभरची नवी जांभळट नोट १४२ गुणिले ६६ मिलिमीटर आहे, जुनी निळसर शंभरची १५७ गुणिले ७३. जुन्या आणि नव्या नोटेचं माप वेगळं असतं, म्हणून एकाचा हिशेब दुसरीला लावू नका. एकाच आकाराची धड नोट शेजारी ठेवून मोजणं सगळ्यात बरं. दोन तुकडे एकाच नोटेचे आहेत का, हे नोटेवर दोन ठिकाणी छापलेल्या क्रमांकावरून कळतं. ते क्रमांक जुळलेच पाहिजेत. दोन वेगवेगळ्या नोटांचे अर्धे जोडून एक केलेली नोट नाकारली जाते.

पाचपर्यंत नोटा असतील तर जवळच्या शाखेत जा. तुमचं तिथे खातं असण्याची अट नाही. शाखेला निर्णय घेता येत नसेल तर ती पावती देऊन नोटा करन्सी चेस्ट (रिझर्व्ह बँकेच्या नोटांचा साठा ठेवण्याची तिजोरी) असलेल्या शाखेकडे पाठवते, आणि पैसे ३० दिवसांत मिळायला हवेत. नोटा जास्त असतील तर सरळ चेस्ट शाखाच गाठा. तुमच्या गावाजवळ कुठली, ते कुठल्याही मोठ्या बँकेच्या व्यवस्थापकाला विचारलं की सांगतात.

जळालेल्या, काळ्या पडलेल्या, हात लावला की चुरा होणाऱ्या किंवा एकमेकींना घट्ट चिकटलेल्या नोटा साध्या शाखेत घेत नाहीत. त्यांच्यासाठी रिझर्व्ह बँकेच्या निर्गम कार्यालयातच जावं लागतं. अशा नोटा ज्या डब्यात जळाल्या त्या डब्यासकट न्या. कापसावर ठेवा, वर कापूस घाला, डबा हलणार नाही असा धरा. नोटा वेगळ्या करायचा प्रयत्न घरी करू नका, कारण प्रत्येक वेळी थोडा चुरा गळतो आणि तेवढं क्षेत्रफळ कमी होतं.

दोन सापळे लक्षात ठेवा. मुद्दाम कापलेली किंवा फाडलेली नोट नाकारतात, आणि एकसारख्या कापलेल्या नोटा दिसल्या की लगेच संशय येतो. राजकीय किंवा धार्मिक घोषणा लिहिलेली नोटही नाकारतात. पण कुणी पेनाने हिशेब केलाय, फोन नंबर लिहिलाय, तर ती नोट बाद होत नाही. दुकानदार घेत नसेल तर खात्यात भरा.

६. रद्द झालेल्या नोटा

आपल्याकडे नोटाबंदी तीनदा झाली: १९४६ ला, १९७८ ला आणि ८ नोव्हेंबर २०१६ ला. १९७८ साली हजार, पाच हजार आणि दहा हजारच्या नोटा गेल्या. त्यातल्या पाच हजारच्या नोटेवर गेटवे ऑफ इंडियाचं चित्र होतं. या नोटा सापडल्या तर बँकेत किंमत शून्य, पण संग्राहक त्या शोधत असतात.

२०१६ मध्ये रद्द झालेल्या जुन्या पाचशे-हजारच्या नोटांची गोष्ट वेगळी आणि गंभीर आहे. त्या कुठेही बदलून मिळत नाहीत. "आमची ओळख आहे, तीस टक्क्यांत करून देतो" असं सांगणारा माणूस तुम्हाला गुन्ह्यात ओढतो आहे. २०१७ च्या कायद्याप्रमाणे अशा दहाहून जास्त नोटा जवळ ठेवणं बेकायदेशीर आहे. अभ्यास, संशोधन किंवा संग्रहासाठी मर्यादा २५. दंड दहा हजार रुपये किंवा दर्शनी किमतीच्या पाचपट, जो जास्त असेल तो. गठ्ठा सापडला तर घरात ठेवून बसू नका, आधी वकिलाचा सल्ला घ्या. म्हातारीने पै-पै साठवलेले ते पैसे असतात, जीव तुटतो. पण इथे दुसरा मार्ग नाही.

राजाचं चित्र असलेल्या नोटाही खर्चायला नेऊ नका. त्या संग्राहकाकडे न्यायच्या. गोव्यातल्या घरांत पोर्तुगीज काळातल्या रुपया किंवा एस्कुदोच्या नोटा निघतात. १९६१ नंतर त्या चलनाची जागा भारतीय रुपयाने घेतली, त्यामुळे आज त्याही फक्त संग्रहाच्याच.

७. नाणी

पन्नास पैसे आणि त्यावरची स्वतंत्र भारताची दशमान नाणी आजही चालतात. पंचवीस पैसे आणि त्याखालची ३० जून २०११ पासून बंद झाली. आता ती बँकेत घेत नाहीत. दहा रुपयांच्या नाण्याबद्दल गावोगावी भांडणं होतात. रुपयाचं चिन्ह असलेलं, नसलेलं, दहा किंवा पंधरा रेघांचं, सगळी खरी आहेत. २०१८ साली रिझर्व्ह बँकेने अशा १४ नमुन्यांची नाणी वैध असल्याचं सांगितलं. चिल्लर बँकेत भरायची असेल तर शंभर-शंभर नाण्यांच्या पुड्या करून न्या. रोखपालाचा वेळ वाचतो आणि तुमचाही.

१ एप्रिल १९५७ ला दशमान पद्धत आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि चौसष्ट पैसे. चवली, पावली, अधेली, भोकाचा पैसा ही सगळी त्या आधीची मंडळी. भोकाचा पैसा १९४३ ते १९४७ मधला, आणि तो इतका निघाला की आजही घरोघरी सापडतो. म्हणून त्याला फार भाव नाही.

चांदी कुठे आहे ते मात्र नीट पाहा. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे बरोबर एक तोळा, आणि त्यात ९१.७ टक्के चांदी. १९४० ते १९४५ च्या रुपयात चांदी निम्मीच. १९४७ चा वाघाचं चित्र असलेला रुपया शुद्ध निकेलचा. चुंबक लावा, तो पटकन चिकटेल. चांदीचा चिकटत नाही. राणीछाप नाण्यांत नकली माल भरपूर आहे, म्हणून चुंबकावर थांबू नका, सराफाकडे वजन करून घ्या. वजनात फरक पडला की संशय घ्या.

१८६२ साल असलेले राणीचे रुपये पुष्कळ सापडतात. साल जुनं म्हणून हुरळून जाऊ नका. तेच साल ठेवून पुढे कित्येक वर्षं ती नाणी पाडली गेली. त्यांची किंमत बहुतेक वेळा चांदीच्या भावाच्या आसपास असते. शिवराई (मराठेशाहीतलं तांब्याचं नाणं) निघाली तर मात्र थांबा, जाणकाराला दाखवा. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे, मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं चलन संग्रहालय आहे. तिथे एकदा चक्कर मारलीत तर नजर तयार होते.

लक्ष्मीपूजनाला पुजला जाणारा बंदा रुपया विकायचा की नाही हे सगळ्या घराला विचारून ठरवा. चांदीच्या भावासाठी तो मोडलेला मला आवडत नाही.

जमिनीत, भिंतीत पुरलेलं काही निघालं तर १८७८ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. आणि शंभर वर्षांहून जुनं नाणं परदेशी राहणाऱ्या नातेवाइकाच्या बॅगेत घालून देऊ नका. पुरावस्तू देशाबाहेर नेण्यावर बंदी आहे.

८. "जुनं नाणं द्या, लाखो घ्या"

वैष्णोदेवीचं नाणं, ट्रॅक्टरची पाच रुपयांची नोट, शेवटी ७८६ असलेला क्रमांक, अशा जाहिराती मोबाइलवर रोज येतात. पद्धत ठरलेली असते. आधी तुमच्या नोटेचा फोटो मागतात, मग पाच-दहा लाख भाव सांगतात, मग "नोंदणी शुल्क", "जीएसटी", "रिझर्व्ह बँकेची फी" म्हणून थोडे थोडे पैसे मागतात. कधी रिझर्व्ह बँकेचं बोधचिन्ह असलेलं पत्रही पाठवतात. रिझर्व्ह बँक अशा व्यवहारात पडत नाही आणि कुठलीही फी घेत नाही, हे तिने २०२१ च्या ऑगस्टमध्ये जाहीर सांगितलं आहे. विकत घेणारा माणूस विकणाऱ्याकडून आगाऊ पैसे मागत नाही. मागितले की फोन ठेवा.

खरंच विकायचं असेल तर नाणीप्रदर्शनात जा आणि किमान तीन व्यापाऱ्यांना दाखवून भाव विचारा. पहिल्याला लगेच देऊ नका.

९. बँकेने नाही म्हटलं तर

"आमच्याकडे होत नाही", "साहेब रजेवर आहेत", "तुमचं खातं इथे नाही" ही उत्तरं मिळतात. आवाज चढवू नका. व्यवस्थापकाकडे जा, नोट परतावा नियमांचं नाव घ्या आणि नकार लेखी मागा. निम्म्या वेळा काम तिथेच होतं. नाही झालं तर बँकेकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तराने समाधान झालं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. त्यासाठी शुल्क नाही.

ढिगातली एखादी नोट बनावट निघाली तर बँक तिच्यावर शिक्का मारून ती जप्त करते, परत देत नाही आणि मोबदलाही देत नाही. त्याची पोचपावती मात्र मागून घ्या. एका व्यवहारात चारपर्यंत बनावट नोटा असतील तर बँक महिनाअखेरीच्या अहवालात पोलिसांना कळवते, पाच किंवा जास्त असतील तर गुन्हा नोंदवला जातो. म्हणून गठ्ठा नेण्याआधी प्रत्येक नोट उजेडात धरून जलचिन्ह आणि सुरक्षा धागा पाहून घ्या.